सरकीशिवायचं पदक

शेटजींचं पदक खरं की खोटं हे ओळखायची आमच्याकडे एक साधी खूण होती. सोबत सरकी मिळाली तर खरं.

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. शेटजी म्हणजे अमरावतीतले एक बडे जिनवाले. त्यांच्या जिनात कापसातून सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी मुंबईला जायच्या आणि म्हशींच्या खुराकाला लागणाऱ्या सरकीचे ढीग मागे राहायचे. शेटजी वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात कॉलेजसाठी चार पदकं निघाली. संस्कृत, गणित, इंग्रजी आणि कुस्ती. त्यांत कुस्ती कशी, असं कोणी विचारत नसे. चारांपैकी शेटजींना समजणारी तेवढी एकच गोष्ट होती. पदकासोबत एक अटही होती. पदक मिळवणाऱ्याला जिनातल्या मोठ्या काट्यावर बसवायचं आणि त्याच्या वजनाइतकी सरकी त्याच्या घरी द्यायची. पोराच्या डोक्यात काय शिरलं हे बापाला कळत नाही, पण म्हशीचं दूध वाढलं की लगेच कळतं, असं शेटजी म्हणायचे म्हणे.

त्यामुळे दरवर्षी जून महिन्यात जिनाच्या आवारात जत्रा भरायची. पैलवान काट्यावर बसला की टाळ्या पडायच्या. संस्कृतवाला बिचारा नेहमी वाळलेला असायचा. तो सकाळपासून पाणी पिऊन यायचा आणि खिशात दगड घालून बसायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिनवालेही काही बोलत नसत, कारण त्यांचा काटा त्यांच्याहून हुशार होता. शेतकऱ्याचा कापूस घेताना तो कमी दाखवायचा आणि सरकी देताना जास्त. आमच्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्यानं त्या काट्यावरून कधी पुरं माप घरी नेलेलं नव्हतं.

आमचं गाव नांदगाव पेठेच्या बाजूला. काळ्या मातीची जमीन, चार बैल, दोन म्हशी, आणि घरात बाबा, माय, काका अन् मी. मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा काकांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मुलगा अकोल्याचा, जठारपेठेत कापडाचं दुकान, घरात नळ. नळाचा उल्लेख काका प्रत्येक वाक्यात करायचे. मला नळ नको होता, मला नागपूरला जाऊन एम.ए. करायचं होतं. मी तसं जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. काकांचा घास हातातच राहिला.

बाबा शब्दाचे पक्के आणि बोलायला कंजूष. त्यांनी ताक पिऊन घेतलं आणि निकाल दिला.

"शेटचं मेडल आनलं तं नागपूर. नाई आनलं तं अकोला."

बाबांनी अट तर घातली, पण माझा विषय होता अर्थशास्त्र, आणि शेटजींच्या चार पदकांत अर्थशास्त्र नव्हतंच. हे बाबांना माहीत होतं की नाही ते मला अजूनही सांगता येत नाही. काकांना मात्र पक्कं माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण माझं नशीब बघा. त्याच वर्षी अमरावतीतल्या एका बँकेचा कसलासा मोठा वाढदिवस आला. बँकेला वाटलं आपणही कॉलेजला एक पदक द्यावं, आणि बँक म्हटल्यावर ते अर्थशास्त्राचंच. आता बँकेच्या नावानं पदक दिलं तर त्याला कोण विचारतो? म्हणून मॅनेजरांनी ठरवलं, पदक शेटजींच्या स्मरणार्थ. शेटजी त्यांचे पहिले ठेवीदार होते, एवढं नातं त्यांना पुरलं. सोनेरी मुलामा, तसाच गोल आकार, तशीच निळी फीत. चार जुन्या पदकांत हे पाचवं ठेवलं तर शेटजींनाही ओळखू आलं नसतं.

मी पहिली आले. खोटं कशाला बोलू, अर्थशास्त्राला आम्ही अकराजण होतो आणि त्यातल्या निम्म्यांना फक्त पदवी हवी होती. तरी पहिला नंबर तो पहिलाच.

शेटजींच्या मुलाला ही बातमी कळली आणि अमरावतीत रण पेटलं. "आमच्या वडलांनी चार पदकं ठेवली. पाचवं कुठून पैदा झालं?" असं तो प्रत्येक सभेत विचारू लागला. शिवाय शेटजींना अर्थशास्त्रवाल्यांची चीड होती, असंही त्यानं सांगितलं. एका प्रोफेसरांनी कधी काळी शेटजींना कापूस धरून ठेवायचा सल्ला दिला होता आणि भाव कोसळला होता. मॅनेजर म्हणाले, पदक शेटजींचं नाही, स्मरणार्थ आहे. मुलगा म्हणाला, मग तसं मोठ्या अक्षरात लिहा. मॅनेजर म्हणाले, पदकावर जागा नाही. आमच्या संस्कृतच्या सरांनी तर वर्गात जाहीर केलं की ज्या विद्येला उद्याचा भाव सांगता येत नाही तिला शास्त्र म्हणणं हा शास्त्र या शब्दाचा अपमान आहे. आमचे अर्थशास्त्राचे सर मवाळ. ते एवढंच म्हणाले की संस्कृतलासुद्धा उद्याचा भाव सांगता येत नाही. हॉटेलात, कोर्टाच्या आवारात, न्हाव्याकडे, सगळीकडे हाच विषय. कुस्तीचा पदकवाला मात्र माझ्या बाजूनं होता. "मले कुस्तीचं भेटते आन इले हिशोबाचं काहून नाई भेटत?" असं तो ज्याला त्याला अडवून विचारायचा, आणि त्याच्या दंडाकडे बघून लोक मान डोलवायचे.

यातली कुजबुज वेगळीच होती. आजवर त्या काट्यावर एकही मुलगी बसलेली नव्हती. साडी नेसलेली मुलगी चारचौघांत पारड्यात बसणार आणि समोर हमाल सरकी ओतणार, हे दृश्यच लोकांच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. पदक अर्थशास्त्राचं निघालं हे बऱ्याच जणांच्या पथ्यावर पडलं. मुलगी नको असं म्हणायची पाळी आली नाही. मला त्याचा संताप यायचा आणि हसूही.

समारंभात माझं नाव पुकारलं तेव्हा शेटजींचा मुलगा व्यासपीठावरून उठला आणि पाणी प्यायला गेला. पदक मॅनेजरांनी गळ्यात घातलं. ते इतक्या घाईत होते की फीत माझ्या कानात अडकली.

दुसऱ्या दिवशी जिनात पदकवाल्यांची तुला होती. बाबा पहाटेच गाडी जुंपून आले होते, सरकी न्यायला. बैलांना घुंगरमाळा घातल्या होत्या, गाडीत नवीन पोती अंथरली होती आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून ते गर्दीत मागं उभे होते. चौघंजण एकामागून एक बसले, तोलले गेले, उतरले. मी पुढं झाले. शेटजींचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं पदक बँकेचं. तुम्ही बँकेच्या काट्यावर बसा."

लोक खो खो हसले. बँकेत तारणाचं सोनं तोलायचा एक इवलासा काटा होता, त्यावर माझी करंगळीसुद्धा मावली नसती. मीही हसले, कारण विनोद खरंच चांगला होता. मग बाबांकडे पाहिलं आणि हसणं गेलं. ते गर्दीकडे पाठ करून बैलांच्या घुंगरमाळा सोडत होते.

रिकामी गाडी घरी आली ती काकांनी ओसरीवरूनच पाहिली. त्यांना एवढं पुरलं.

"दादा, सरकी कुठी हाये?"

बाबा बैल सोडायला लागले.

"सरकी नाई म्हनजे शेटचं मेडल नाई. बँकेचं हाये थे. तू शेटचं मेडल म्हनलं होतं. म्या अकोल्याले कळवून टाकतो."

माय चुलीपासून ओरडली, "शेटचं नाव हाये ना त्याच्यावर! का डोळे फुटले तुमचे?"

"नाव लिवल्यानं काय होते? आपल्या बैलाच्या शिंगावर शेटचं नाव लिवलं तं थो शेटचा होईन काय?"

काका कोर्टात दोन दावे हरलेले होते, पण घरात त्यांना कोणी हरवू शकत नसे. मी पदक बाबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. त्यांचा शब्द त्यांनाच अडकवून बसला होता, हे मला दिसत होतं. पण मला त्यांची कीव आली नाही, राग आला. शब्द काय बाबांच्या गळ्यात बांधला होता?

चार दिवसांनी बाबा म्हणाले, "चाल, मावशीकडे जाऊन येऊ. लोनच्याच्या कैऱ्या देऊन येऊ."

मावशी अकोल्याची. जठारपेठेत. त्या नळवाल्यांच्या घरापासून तिसऱ्या दारात. मी कैऱ्यांची थैली उचलली. मायनं पाठीवरून हात फिरवला, तो मी झटकला.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला अकोला, आणि मी कुठल्या बाजूच्या गाडीसाठी उभी आहे हे कळल्यामुळे माझ्या डोळ्यांत पाणी होतं. प्लॅटफॉर्मवर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की चाक फिरायचं, दिवे लागायचे आणि वजनाचं तिकीट बाहेर पडायचं, मागं भविष्य छापलेलं. बाबा उगीच त्या यंत्राभोवती फिरले. मग म्हणाले, "उभी राह्य बरं याच्यावर."

"काहून?"

"राह्य म्हनलं ना."

मला कळायचं ते कळलं. मुलाकडच्यांना मुलीची उंची, रंग सांगतात, आता वजनही सांगणार! मी थैली खाली ठेवायला लागले तर बाबा दटावून म्हणाले, "खाली ठेवू नको. कोनी घेऊन जाईन." मी थैली पोटाशी धरून उभी राहिले. तिकीट पडलं. बाबांनी ते न वाचता माझ्यापुढे धरलं, मी आकडा वाचून दाखवला आणि त्यांनी ते बंडीच्या आतल्या खिशात जपून ठेवलं. भविष्य काय होतं ते मी वाचलं नाही. माझं भविष्य मला ठाऊक होतं.

अकोल्यात मावशीनं घर सारवून ठेवलं होतं. पोह्यांची तयारी होती. तीही माझ्यासारखंच समजली होती. पण बाबा चहा घेऊन जे बाहेर पडले ते दुपार कलल्यावर परत आले. मिशीत रुईचे तंतू, टोपीवर धूळ. "पाहुने कवा येनार?" मावशीनं विचारलं. बाबा म्हणाले, "कोनते पाहुने?" आणि पोहे खाल्ले. आम्ही तसेच परत आलो. मी गाडीत त्यांच्याकडे तीन-चारदा बघितलं, पण त्यांच्या तोंडावर शेतात उभ्या असलेल्या बैलाइतकंच दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात बाबा सकाळी गाडी जुंपून निघाले आणि ऊन उतरताना घुंगरमाळा वाजवत घरी आले. गाडीत सरकी. एक भरलेलं पोतं आणि वर एक लहान गाठोडं.

"शेटकडून आली," बाबा म्हणाले. बस, तेवढंच.

मायनं हात जोडले. काका मात्र ओसरीवरून उतरले, पोत्याभोवती फिरले, मूठभर सरकी काढून हुंगली.

"पोट्टी तं काट्यावर बसलीच नाई. मंग वजन कसं समजलं शेटले?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी बैलांकडे पाहिलं. "शेटचं पोरगं गाडीभर कापूस डोळ्यानं मोजते. त्याले एक पोट्टी मोजता येत नाई काय? अंदाजानं देली."

"शेटनं? अंदाजानं?" काकांना हसू आवरेना. "थांब, आनतो आपला तराजू!"

वेचणीचा कापूस मोजायचा आमचा मोठा तराजू त्यांनी गोठ्यातून ओढून काढला आणि कडुनिंबाच्या फांदीला टांगला. आवाज ऐकून आजूबाजूची मंडळी जमली. बायका कुंपणावरून बघू लागल्या. कोणीतरी सुपारी कातरायला घेतली. काकांनी एका पारड्यात सरकी टाकली आणि मला म्हणाले, "बस."

मी पदर खोचला आणि बसले. जिनात ज्या तुलेसाठी मला नाही म्हटलं होतं, ती आमच्या अंगणात, कडुनिंबाखाली, खुद्द काकांच्या हातानं होत होती. एवढे लोक तर जिनातही नव्हते. आणि काकांना त्याचा पत्ताच नव्हता!

काकांनी तराजू सोडला. माझं पारडं वर गेलं. सरकीचं खाली बसलं.

"जास्त हाये!" काका असे ओरडले, जणू चोर सापडला. "शेटच्या काट्यानं जन्मात कोनाले जास्त देलं काय? हे शेटची नोय! सांगा, कोनाले भेटली कधी जास्तीची?"

गर्दीतल्या माना नकारार्थी हलल्या. सगळे शेतकरी होते, सगळ्यांनी तो काटा भोगला होता. पुरावा बिनतोड होता. बाबांच्या कपाळावर घाम आला. त्यांना स्वतःलाच उमगत नव्हतं, ही जास्तीची आली कुठून.

मला मात्र हवेत लोंबकळताना उमगलं. बडनेऱ्याचं यंत्र, पोटाशी धरलेली थैली आणि मावशीच्या लोणच्याच्या कैऱ्या. माझ्या वजनाची सरकी आणि वर कैऱ्यांच्या वजनाची. म्हणजे अकोल्याला बाबा माझ्यासाठी मुलगा बघायला गेलेच नव्हते. तिकीट खिशात घालून ते, जिथं त्यांना कोणी ओळखत नाही अशा गावातल्या कुठल्या तरी जिनात गेले होते, आणि तिथली सरकी रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत आली होती. मला रडू फुटणार होतं. पण तराजूत बसून रडलं असतं तर काकांनी त्याचाही अर्थ लावला असता.

"काका," मी वरून म्हणाले, "मेडल अभ्यासाचं हाये ना? मंग शेटनं पुस्तकासकट अंदाज केला असन. कॉलेजात कोनी मले बिनापुस्तकाचं पाह्यलं हाये काय?"

मायला काही सांगावं लागलं नाही. ती आत धावली आणि माझी अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं घेऊन आली. एकेक माझ्या मांडीवर ठेवत गेली. पारडं हलू लागलं. शेवटी चलनवाढीवरचं एक पुस्तक ठेवलं, आणि काटा मधोमध येऊन थांबला. कुंपणावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. ते पुस्तक मी पुढे कोणाला कधी दिलं नाही.

काका तोंड उघडून उभे होते. त्यांना अजून एक मुद्दा सुचत होता, हे दिसत होतं. पण तेवढ्यात मायनं पारड्यातली सरकी घमेल्यात घेतली, पाण्यात टाकली आणि भिजत घालून मोकळी झाली. संध्याकाळी म्हशींनी पुरावा खायला सुरुवात केली.

"शब्द म्हनजे शब्द," बाबा काकांना म्हणाले. "सरकी आली. पोट्टी नागपूरले जाईन." आणि जुलैमध्ये मी गेले.

पुढं अनेक वर्षं या सरकीबद्दल बाबा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. एम.ए. झाले, आणि नोकरी लागली ती नेमकी अकोल्याच्या कॉलेजात. शेवटी अकोल्यालाच गेले, पण नागपूरवरून. खोलीला नळ होता. काकांना मी ते आवर्जून सांगितलं.

साठचं दशक संपत आलं होतं. एक दिवस आमच्या स्टाफरूममध्ये मोठा वाद झाला. परदेशातल्या कोण्या बँकेनं, केव्हाच वारलेल्या एका थोर माणसाच्या स्मरणार्थ, अर्थशास्त्राचं बक्षीस सुरू केलं होतं. त्या माणसानं मृत्युपत्रात बक्षिसं ठेवली होती ती दुसऱ्या विषयांची, त्यात अर्थशास्त्र नव्हतंच. त्यामुळे हे बक्षीस खरं की मागून चिकटवलेलं, यावर जगभर भांडण. आमचे रसायनवाले सर तावातावानं सांगत होते की हे त्या माणसाचं बक्षीसच नव्हे. मी इतकी हसले की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा ही बातमी बाबांना सांगितली. ते ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होते. काका शेजारच्या खाटेवर आडवे होते, आता थकलेले, पण कान शाबूत. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बँकेनं देलं?"

"हो."

"मेलेल्या मानसाच्या नावानं?"

"हो."

"आन लोक म्हनतात खरं नोय?"

"म्हनून राह्यले तसंच."

बाबांनी दोराला पीळ दिला. "ज्याले भेटलं ना, त्याच्या बापाले सांगा म्हना, सरकी आनून टाक."

काका खाटेवर ताठ उठून बसले.

"म्या म्हनलं होतं! म्या तवाच म्हनलं होतं, जास्तीची होती!"

"जास्तीची नोयती काका," मी म्हणाले. "कैऱ्यायची होती."

बाबांचा हात थांबला. ही गोष्ट त्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हती. "कोनत्या कैऱ्या?"

"बडनेऱ्याच्या. थैली खाली ठेवू नको, कोनी घेऊन जाईन, असं तुमीच तं म्हनलं होतं."

त्यांनी दोर मांडीवर ठेवला. "म्हनजे तराजूत बसली तवाच तुले समजलं होतं?"

"हो."

"मंग तवा बोलली काहून नाई?"

"म्हशी उपाशी राह्यल्या असत्या, बाबा."

बाबांनी खाली मान घातली आणि पुन्हा दोर वळायला घेतला. पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते, आणि पीळ उलटा पडत होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.